बांधावर भात पिकत नाही

गेल्या पावसाळ्यात पवन मावळातील एक वयोवृद्ध शेतकरी मुलासह माझ्या लोणावळ्याच्या दवाखान्यात आले. त्यांना प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचे निदान नुकतेच झाले होते. मुलाच्या मोबाइलवर एक जाहिरात होती. स्टेम सेल आणि आरएनएच्या साहाय्याने कर्करोग समूळ बरा करण्याची तीत हमी होती. त्यासाठी रस्त्यालगतची जमीन विकण्याची बोलणी सुरू झाली होती.

“डॉक्टर, हे आरएनए म्हणजे काय?” वडिलांनी विचारले.

आमच्या विद्यार्थिदशेत आरएनए म्हणजे प्रामुख्याने प्रथिने घडविण्याच्या कामातील निरोप्या, एवढेच मनावर ठसले होते. मानवी जनुकसंचाचा जेमतेम दोन टक्के भाग प्रथिनांची कृती सांगतो. उरलेल्यातील पुष्कळसा भाग तेव्हा अडगळ समजला जाई. त्याच अडगळीतून हजारो ‘लाँग नॉन-कोडिंग आरएनए’ निर्माण होतात, हे पुढे कळले.

मी विचारले, “काका, बांधावर इंद्रायणी पिकते का?”

“नाही.”

“मग बांध काढून टाकायचा?”

ते हसले. “मग खाचरात पाणी कसं ठरेल?”

हे आरएनए बांधासारखे असतात. स्वतः प्रथिन देत नाहीत. पण कोणते जनुक केव्हा कार्यरत राहावे, याच्या नियंत्रणात त्यांचा वाटा असतो. मूलपेशीने मूलपेशीच राहायचे की स्नायूची, मज्जातंतूची पेशी व्हायचे, यातही त्यांपैकी काहींचा सहभाग असतो. कर्करोगात हे नियंत्रण बिघडते. ‘मॅलॅट-१’ हा आरएनए २००३ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या अभ्यासातून पुढे आला. जे अर्बुद पुढे शरीरात पसरले, त्यांत त्याचे प्रमाण अधिक होते. ‘पीसीए-३’ तर प्रोस्टेटच्या कर्करोगाशीच निगडित. त्यावर आधारित लघवीच्या चाचणीला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली.

“म्हणजे औषध निघालं?” मुलाने आशेने विचारले.

नाही. ती चाचणी पुन्हा बायोप्सी करावी का, हे ठरविण्यापुरती आहे. मूलपेशींचे प्रत्यारोपण रक्ताच्या काही आजारांत खरोखर उपयोगी पडते; प्रोस्टेटच्या कर्करोगावर तो प्रस्थापित उपचार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा अप्रमाणित वापराला केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच जागा आहे.

मुलगा गप्प झाला. त्याची आशा मोडताना मलाही जड गेले. मी खारघरच्या टाटा केंद्रासाठी चिठ्ठी लिहून दिली. तेथे वडिलांवर प्रमाणित उपचार सुरू झाले. जमिनीची बोलणी थांबली.

वाचकहो, घरात असा प्रसंग आला तर आगाऊ रक्कम देण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागा: उपचाराचे नेमके नाव, चाचणी असल्यास तिचा नोंदणी क्रमांक आणि संभाव्य अपाय. मग तो कागद आपल्या कर्करोगतज्ज्ञांना दाखवा. कागद द्यायला कोणी टाळाटाळ केली, तर तेथूनच माघारी फिरा.