कोरड्या हवेतला गोवर

दिवाळी उरकली की आमच्या उपकेंद्राच्या हद्दीत बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात. कारखान्याच्या तळावर कोप्या उभ्या राहतात आणि माझा गोवराचा घोर सुरू होतो. पावसाळ्यात तापाची, जुलाबाची लेकरं पुष्कळ येतात, गोवर मात्र क्वचित. हिवाळा सरताना हवा कोरडी पडली की पुरळाचे निरोप येऊ लागतात.

खोकल्यातून उडालेला हा विषाणू बंद जागेत 2 तासांपर्यंत तग धरतो आणि दमट हवेपेक्षा कोरड्या हवेत जास्त टिकतो. पण नुसत्या हवेला मला दोष देववत नाही. पाऊस थांबला की तोड सुरू होते, तोडीसाठी माणसं गाव सोडतात, आणि आईबाप पहाटेच्या गारठ्यात फडात गेले की चार घरची लेकरं एकाच कोपीत गोधडीखाली दाटीनं झोपतात. पुरळ उठण्याच्या 4 दिवस आधीपासून लागण पसरते, तोवर सगळ्यांना ती सर्दीच वाटते. लसीची पहिली मात्रा नवव्या महिन्यानंतर, दुसरी 16 ते 24 महिन्यांत. त्या वयात ही लेकरं फडाफडांतून फिरत असतात आणि लसीचं कार्ड गावाकडच्या पेटीत असतं.

एका फेब्रुवारीत दिवेलागणीला तळावर गेले. सकाळी तिथं आईबाप सापडतच नाहीत. पोराचे डोळे लाल, कानामागून पुरळ उतरलेला. दाराला लिंबाचा डहाळा, चुलीवर फोडणी बंद.

"सिस्टर, गोवर हाय. अंगावर नीट फुटू द्या. सुई नगं," आजी म्हणाली.

"आजी, लिंब राहू द्या. याला सुई नाहीच, अ जीवनसत्त्व पाजते, आज आणि उद्या. सुई बाकीच्या लेकरांना."

लागण झाल्यापासून 72 तासांत लस दिली तर आजार टळू शकतो. पण कुपी एकदा तयार केली की 4 तासांत संपवावी लागते, म्हणून मुकादमाला सगळ्या कोप्यांतून लेकरं गोळा करायला लावली. आजीनंच आपली नात पुढं केली.

दुसऱ्या दिवशी अ जीवनसत्त्व पाजून परतले तेव्हा तळ हलवायची बांधाबांध चालली होती. पुढच्या तळाच्या सिस्टरला मी फोनवर नावं सांगितली: कुणाला लस झाली, कुणाची राहिली, कुणाला खोकला आहे.