पहिली तक्रार

चिकलठाण्यात एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. दापोडी, हिंगणा आणि ही, अशा राज्यात तीनच. टाटाची किंवा अशोक लेलँडची चासी इथे येते तेव्हा तिच्यावर ना छप्पर असतं ना खिडक्या. इंजिन, चाकं, स्टिअरिंग, बस्स. मग सांगाडा उभा राहतो, पत्रे चढतात, रिव्हेट ठोकले जातात, बाकडी बसतात, रंग लागतो आणि फाटकातून लालपरी बाहेर पडते. आमचे अण्णा तिथे बॉडीचे फिटर होते. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी दुसऱ्यानं बनवलेल्या वस्तूवर आपली वस्तू उभी करण्यात घालवली. चासी बनवणाऱ्याला तिच्यावर पुढे काय चढणार हे ठाऊक नसतं. बॉडी कुठे बसवायची, वजन किती पेलेल, एवढं तो ठरवून देतो आणि बाजूला होतो. हे बाजूला होणं अण्णांना फार मोठं वाटतं. ‘त्यानं सगळंच स्वतः करून पाठवलं असतं, तर आम्ही काय केलं असतं?’ असं ते म्हणतात.

कॉम्प्युटर गेममधला मॉड म्हणजे दुसऱ्यानं बनवलेल्या गेमवर खेळणाऱ्यानं चढवलेली आपली भर. हे मला अण्णांमुळे कधी समजावून घ्यावं लागलं नाही. आमच्या घरी ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ आहे. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरनं २०१२ साली काढलेला हा गेम. ट्रक घ्यायचा, माल भरायचा आणि युरोपच्या रस्त्यांवरून गावोगाव पोचवायचा. बनवणाऱ्यांनी त्यात ट्रक दिले. एसटी दिली नाही, ती त्यांना माहीत असण्याचं कारणही नव्हतं. पण गेमची दारं त्यांनी उघडी ठेवली, आणि कुण्या एका मराठी पोरानं त्या दारातून लालपरी आत आणली. गेमच्या लेखी ती ट्रकच आहे. तिला एक चासी आहे, एक इंजिन आहे, तिच्या नावावर माल चढतो. डोळ्यांना मात्र ती एसटी दिसते, आणि कॅलेवरून डोव्हरकडे जाताना ती जी दिसते ना, ती मला कुठल्याही चित्रापेक्षा जास्त आवडते.

निवृत्तीनंतर अण्णा संध्याकाळी तासभर ती चालवतात. पहिल्यांदा दाखवली तेव्हा त्यांनी चालवलीच नाही. कॅमेरा फिरवायला लावला आणि गाडी तपासायला घेतली. रिव्हेटची ओळ कुठून कुठे जाते, संकटकालीन दार उजव्या अंगाला आहे का, मागची शिडी टपापर्यंत पोचते का, खिडकीच्या दोन गजांमध्ये अंतर किती. आत शिरल्यावर म्हणाले, ‘घंटीची दोरी नाही.’ खरंच नव्हती. बाकी सगळं जागच्या जागी होतं. ‘पोरगं गाडीजवळ उभं राहिलेलं आहे,’ असा त्यांनी शेरा दिला. त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

तर ही लालपरी एका ड्राइव्हवरून दुसऱ्या ड्राइव्हवर न्यायची वेळ आली. जुनी हार्ड डिस्क म्हातारी झाली होती, तिच्याऐवजी एसएसडी घेतली. हा गेम ज्यातून घेतला त्या स्टीम या सॉफ्टवेअरमध्येच गेम हलवण्याची सोय आहे: कुठल्या ड्राइव्हवर न्यायचा ते सांगायचं आणि थांबायचं. स्टीमच्या वर्कशॉपमधून घेतलेले मॉडही त्याच्या सोबत जातात, कारण ते गेमच्या शेजारच्याच फोल्डरमध्ये ठेवलेले असतात. हाताने आणलेले मॉड मात्र वेगळीकडे राहतात. ते डॉक्युमेंट्समध्ये, गेमच्या नावाच्या फोल्डरात, ‘मॉड’ नावाच्या उपफोल्डरात ठेवावे लागतात. आमचा सी ड्राइव्ह लहान, त्यामुळे हे मॉडचं फोल्डर मी मागेच डी ड्राइव्हवर, म्हणजे त्या जुन्या डिस्कवर, नेलं होतं आणि मूळ जागी विंडोजचं जंक्शन ठेवलं होतं. जंक्शन म्हणजे फोल्डरच्या जागी उभी केलेली पाटी. गेम दार ठोठावतो, पाटी त्याला दुसऱ्या पत्त्यावर पाठवते, आणि आपल्याला पाठवलं गेलंय हे गेमला कळतही नाही.

नव्या एसएसडीला विंडोजनं ई हे अक्षर दिलं. मॉडचं फोल्डरही तिच्यावर उतरवलं आणि जुनी डिस्क काढून ठेवली. गेम सुरू झाला, पण अण्णांचं प्रोफाइल उघडताना इशारा आला: या प्रोफाइलमध्ये वापरलेले काही मॉड सापडत नाहीत, तरी पुढे जायचं का? इथे घाई करायची नसते. पुढे गेलं की गेम जे मिळालं नाही त्याच्याशिवाय संसार मांडतो आणि तोच नव्याने जतन करू लागतो. प्रोफाइलचं फोल्डर डॉक्युमेंट्समध्येच असतं. त्याचं नाव म्हणजे अंक आणि अक्षरांची लांबलचक माळ दिसते, पण ती दुसरंतिसरं काही नसून प्रोफाइलच्या नावाचीच हेक्साडेसिमल पद्धतीत लिहिलेली अक्षरं असतात. त्याची प्रत बाजूला काढून ठेवली आणि मग मुद्दाम पुढे गेलो, काय काय मोडलंय ते बघायला.

हा गेम जे जे करतो ते एका साध्या मजकुराच्या फाईलीत लिहून ठेवतो. गेम डॉट लॉग डॉट टीएक्सटी असं तिचं नाव. कुठली फाईल कुठून जोडली, काय मिळालं नाही, सगळं ओळीओळीनं. मी ती उघडली आणि चुकांच्या ओळींची रांग पाहून हबकलो. मॉडेल नाही, चित्र नाही, आवाज नाही, आसन नाही. मी खालून वर वाचत होतो, कारण शेवटची ओळ म्हणजे शेवटी जिथे अडलं ती जागा, असं मनानं धरलेलं असतं. अण्णा शेजारी बसले होते. त्यांना त्या इंग्रजी ओळींतलं अर्ध्याहून अधिक कळत नव्हतं. तरी ते म्हणाले, ‘आधी पहिली तक्रार वाच. बाकीच्या तिच्या पोटच्या असतात.’

ड्रायव्हर लॉगशीटवर दहा तक्रारी लिहून देतो, असं ते सांगत होते. खिडक्या वाजतात, दार नीट लागत नाही, काच तडकली, पाणी गळतं. नवा फिटर दहा कामं काढून बसतो. जुना फिटर गाडीखाली जातो आणि चासीला बॉडी धरून ठेवणारे बोल्ट आधी हातानं बघतो, कारण त्यातला एक ढिला असला की वरचं सगळं हलतं. मी फाईलीत वर गेलो. पहिल्या तक्रारीत बसचं नावही नव्हतं. मॉडच्या फोल्डरपर्यंत पोचता आलं नाही, एवढंच. पाटीवर अजून डी लिहिलेलं होतं, आणि घरात डी उरला नव्हता.

उपाय दोन होते, आणि कुठला निवडायचा यावर आमचं बराच वेळ चाललं. सोपा उपाय असा की डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन नव्या एसएसडीला डी हेच अक्षर द्यायचं. मग कुठलीच पाटी बदलावी लागत नाही, जुने सगळे पत्ते आपोआप खरे ठरतात. त्यात काही गैर नाही. अक्षर ही विंडोजनं वरून लावलेली खूण, आतली ओळख प्रत्येक भागाला वेगळी असतेच. पण अण्णांना ते पटलं नाही. ‘नव्या गाडीला जुना नंबर लावायचा?’ त्यांचं म्हणणं मला पटलं, जरी माझं कारण निराळं होतं. अक्षर बदलून आजचं काम भागतं, पण घरातल्या कुठल्या कुठल्या गोष्टी डीवर विसंबून होत्या हे त्यातून कळत नाही. पुढच्या वेळी डिस्क बदलेल तेव्हा पुन्हा अंधारातच हात घालायचा.

म्हणून दुसरा उपाय केला. जुनं जंक्शन आरएमडीआयआर या आज्ञेनं काढलं. तिच्यानं पाटी तेवढी जाते, पाटीच्या पलीकडच्या वस्तूंना धक्का लागत नाही. मग एमकेलिंक ही आज्ञा जे या खुणेसह देऊन ईकडे बोट दाखवणारी नवी पाटी उभी केली. बाजूला ठेवलेली प्रोफाइलची प्रत परत जागेवर ठेवली. गेम उघडला तेव्हा इशारा आला नाही. बस आपल्या गॅरेजात होती.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त विचार करायला लावलं ते जे मोडलं नाही त्यानं. बसच्या मॉडमध्ये किती पत्ते असतील याचा अंदाज करा. पत्र्यावरचा लाल रंग कुठल्या चित्रातून घ्यायचा, चाकाचा आकार कुठे आहे, भोंगा वाजला की कुठला आवाज काढायचा, हे सगळं छोट्या छोट्या फाईलींत लिहिलेलं असतं. त्यातला एकही पत्ता मला दुरुस्त करावा लागला नाही. कारण त्या पोरानं कुठेही सी किंवा डी लिहिलेलं नव्हतं. गेम सुरू होताना स्वतःच्या आणि मॉडच्या गठ्ठा-फाईली एकत्र जोडून एक आभासी फोल्डर उभं करतो, आणि आतले सगळे पत्ते त्या फोल्डरच्या मुळापासून सुरू होतात. एकाच पत्त्यावर दोन वस्तू आल्या तर मॉडच्या यादीत जो वर, त्याची वस्तू दिसते. भांडण मिटवायची रीतही आतच ठरलेली. आपली बस कुणाच्या घरी, कसल्या कॉम्प्युटरवर, कुठल्या डिस्कवर जाणार हे त्या पोराला ठाऊक असणं शक्य नव्हतं, आणि त्याच्यावर ते ठाऊक असण्याची सक्तीही कुणी केली नाही. मोडलं ते फक्त मी माझ्या घरापुरतं लिहिलेलं.

काही वर्षांपूर्वी एसटीनं ॲल्युमिनियमच्या जुन्या बॉड्या उतरवून त्याच चास्यांवर पोलादी बॉड्या चढवायला घेतल्या. अण्णांनी त्या कामाच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्यात. वरचं सगळं उतरलं, पत्रा बदलला, सांगाडा बदलला, वजन बदललं. खालची चासी आणि तिचा नंबर तोच राहिला. ज्यानं ती चासी बनवली त्यानं पुढे कधी पोलाद येईल याचा विचार केला असेल असं मला वाटत नाही. त्यानं जोडाच्या जागा प्रामाणिकपणे ठरवल्या होत्या, एवढं पुरलं.

एससीएसवाल्यांची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. गेमची नवी आवृत्ती आली की जुने मॉड अडखळतात. पण स्टीममधल्या गेमच्या गुणधर्मांत जाऊन आधीची आवृत्ती निवडता येते, ती त्यांनी ठेवलेली असते. नवं पुढे ढकलतानाही जुन्यावर उभ्या असलेल्यांना पायाखालची जागा ठेवायची, हे धंद्याच्या हिशेबात सहज बसणारं नाही, म्हणून मला त्याची किंमत जास्त वाटते.

तरी जुन्या आवृत्तीवर कायमचं राहता येत नाही. आमच्या लालपरीच्या मॉडच्या माहितीच्या फाईलीत बनवणाऱ्याचं टोपणनाव आहे आणि कुठल्या आवृत्तीसाठी बनवला ते आहे. ती आवृत्ती मागे पडली. तो पोरगा आता कुठे आहे कळायला मार्ग नाही. नोकरीला लागला असेल, संसाराला लागला असेल. त्यानं या कामाचा एक रुपया घेतला नव्हता. त्याच्याकडून दुरुस्तीची अपेक्षा करण्याचा मला हक्क नाही, आणि त्याला न विचारता त्याची बस बदलून लोकांत वाटण्याचाही नाही.

पण घरातल्या घरात ती चालू ठेवण्याचा हक्क आहे असं मी मानतो. एससीएसनं ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरसाठी आपली साधनं दिलेली आहेत, ती मी शिकायला घेतली आहेत. अण्णा मापं इंचात सांगतात, मी मीटरमध्ये बदलून घेतो, आणि कधी कधी त्यांना वाटतं की मी दोन सूत खाल्ले. पहिलं काम घंटीची दोरी. ती टपाच्या खालून, डोक्यावरून, मागच्या दारापासून ड्रायव्हरपर्यंत कुठल्या कुठल्या कड्यांतून जाते हे त्यांनी कागदावर काढून दिलंय. माहितीच्या फाईलीतली बनवणाऱ्याच्या नावाची ओळ आहे तशीच राहील. दोरी आमची, एवढं तिच्याखाली लिहीन.