ठरलं का गं?

समजा, तुमच्यासमोर एक स्क्रीन आहे. त्यावर ढीगभर ठिपके सैरावैरा पळतायत. त्यातले थोडेसेच एका दिशेने चाललेत, डावीकडे किंवा उजवीकडे. कुठे, ते ओळखायचं. 1990च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात विल्यम न्यूसम आणि मायकेल शॅडलेन यांनी माकडांना हेच काम दिलं होतं. माकडाने बरोबर बाजूला नजर वळवली, की बक्षीस म्हणून काहीतरी प्यायला मिळणार.

माकड ठिपके बघत असताना शास्त्रज्ञ त्याच्या मेंदूतल्या काही पेशींची टिकटिक मोजत होते. ठिपके स्पष्ट एका बाजूला जात असले की टिकटिक झपझप वाढायची, गोंधळ असला की रेंगाळत. 2002 सालच्या प्रयोगात तर असं दिसलं, की ती एका ठराविक पातळीला पोचली की नजर वळते. झाला निर्णय!

गंमत म्हणजे हे गणित कागदावर आधीच होतं. रॉजर रॅटक्लिफ या मानसशास्त्रज्ञाने 1978 साली ते मांडलं. नाव जरा भारदस्त आहे, ड्रिफ्ट डिफ्यूजन मॉडेल. एका बाजूला 'हो'ची रेघ, दुसऱ्या बाजूला 'नाही'ची. मन मध्ये कुठेतरी. प्रत्येक पुरावा त्याला थोडंसं इकडे किंवा तिकडे ढकलतो, आणि जी रेघ आधी गाठली जाते, ते उत्तर. रेघा जवळ असल्या तर निर्णय फटाफट, पण चुकायचा चान्स जास्त. लांब असल्या तर अचूकपणा वाढतो, पण वेळ लागतो. म्हणजे बॉस, उशीर करणारा माणूस बावळटच असतो असं नाही. त्याच्या रेघा लांब असतात, एवढंच!

या विचाराचं एक मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. मालाची तपासणी करताना किती नमुने बघून थांबायचं, याचं गणित अब्राहम वाल्ड याने तेव्हा मांडलं. हाच वाल्ड 1950 साली व्याख्यानांसाठी भारतात आला असताना निलगिरीच्या डोंगरात विमान अपघातात गेला.

एका लेखासाठी मी हे सगळं वाचत होते आणि नेमकी त्याच आठवड्यात मला नोकरीची ऑफर आली. बंगळुरूला. दर महिन्याला पगार! 'पेमेंट प्रोसेसमध्ये आहे' हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकलेल्या फ्रीलान्सरला विचारा, त्याची किंमत काय असते. दुसऱ्या बाजूला डोंबिवलीचं घर आणि आई. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचं होतं आणि मैत्रिणींचा दिवसातून चारदा फोन, 'ठरलं का गं?'

मुदत जवळ आली की या रेघा आत सरकतात, असं काही मॉडेल्स मानतात. बुधवारपर्यंत माझ्या चांगल्याच सरकल्या होत्या! पण मला खरा उपयोग झाला तो 2010 सालच्या एका संशोधनाचा. इयन क्रायबिच, कॅरी आर्मेल आणि अँटोनियो रँगेल यांनी लोकांना खाऊच्या दोन पदार्थांतून एक निवडायला सांगितलं आणि त्यांची नजर कुठे जाते ते टिपलं. ज्या पदार्थाकडे जास्त वेळ बघितलं जातं, त्याच्याकडे मन जास्त ढकललं जातं.

मी कुठे बघत होते? पगाराचा आकडा मेलमध्ये होता, तो दिवसातून दहादा वाचला जायचा. आईची बाजू कुठेच लिहिलेली नव्हती. ती फक्त म्हणायची, 'तुझं तू ठरव.'

म्हणून बुधवारी रात्री तिच्याशेजारी भाजी निवडत बसले आणि सरळ विचारलं, "मी गेले तर तुला काय काय अडेल?"

"अडेल काय?" ती म्हणाली. "इथे असतेस तेव्हा तरी कुठे घरी असतेस? रात्री अकराला येतेस, सकाळी लॅपटॉप." मग थोडं थांबून म्हणाली, "रात्री दाराला आतून कडी लावताना मात्र वाईट वाटेल. पण त्यासाठी तू थांबू नकोस."

हा पुरावा कुठल्या रेघेकडे ढकलतो, हे मॉडेल सांगत नाही. ठिपके डावीकडे की उजवीकडे, याचं उत्तर शास्त्रज्ञांना आधीच ठाऊक असतं. पगार आणि कडी यांना एकाच मापात कसं मोजायचं, ते आपल्यालाच ठरवावं लागतं. शिवाय मेंदूबद्दलचा वादही संपलेला नाही. 2016 साली माकडांच्या मेंदूतला तोच भाग तात्पुरता शांत केला, तरी त्यांचे निर्णय फारसे बिघडले नाहीत. म्हणजे हिशेब एकाच कोपऱ्यात होत नसणार.

गुरुवारी दुपारी मी 'हो' कळवलं. मग आईच्या फोनवर व्हिडिओ कॉल एका बटणावर आणून ठेवला आणि पहिल्या महिन्याअखेरचं घरी यायचं तिकीट काढलं. वेटिंग लिस्टवर आहे, बघू!