सुरक्षा द्या म्हणजे नेमकं काय द्या?

मुलींनी सुरक्षितता मागितली की बहुतेक वेळा त्यांना कुलूप मिळतं. हॉस्टेलच्या तिसऱ्या वर्षी मी हे जवळून पाहिलं. लायब्ररीकडून हॉस्टेलकडे येणाऱ्या रस्त्यावर आमच्यातल्या एकीचा दोघा बाईकवाल्यांनी पाठलाग केला, तिची ओढणी ओढली. ती धावत गेटपर्यंत पोचली म्हणून वाचली. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर कागद लागला : मुलींच्या हॉस्टेलची वेळ रात्री साडेनऊऐवजी संध्याकाळी साडेसात. लायब्ररी दहापर्यंत उघडीच राहणार होती. फक्त आता ती मुलांसाठी उघडी होती.

त्या रात्री मेसमध्ये आम्ही साठेक जणी जमलो. व्हॉट्सॲप ग्रुपवर तोवर मागण्यांचा पाऊस पडला होता. ‘मुलींना सुरक्षा मिळालीच पाहिजे.’ ‘दोषींवर कठोर कारवाई करा.’ ‘सगळीकडे सीसीटीव्ही लावा.’ ‘रेक्टर, राजीनामा द्या.’ लॉच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक ताई हे सगळं वहीत उतरवून घेत होती. उतरवून झाल्यावर तिनं प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारला : “यावर सर ‘बरं’ म्हणाले, तर परवा सकाळी आपल्याला काय बदललेलं दिसेल?”

मेस गप्प झाली. ‘सुरक्षा मिळालीच पाहिजे’ याला कुठले सर नाही म्हणतील? ते म्हणतील, आमचंही तेच मत आहे, म्हणून तर साडेसातची वेळ केली. म्हणजे आमचीच घोषणा आमच्याच दाराला कडी लावायला वापरता आली असती. सरकारी कागदावर ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ असं उत्तर येतं ना, त्याला मोकळी जागा आपलं निवेदनच करून देतं. मागणी धूसर असली की उत्तर धूसर द्यायला कुणाला कष्ट पडत नाहीत.

मग ठरलं की आधी रस्ता बघायचा. दुसऱ्या संध्याकाळी आम्ही सहा जणी लायब्ररीपासून हॉस्टेलपर्यंत चालत गेलो आणि खांब मोजले. चौदा खांब, त्यातले नऊ बंद. कँटीनमागच्या कंपाउंडला बाईक सहज आत येईल एवढं भगदाड. गेटवरच्या काकांशी बोललो, तर त्यांची बारा तासांची ड्युटी, दोन गेटं आणि टॉर्च स्वतःच्या पैशानं घेतलेली. ते कंत्राटदाराचे कामगार होते. तक्रार केली तर आधी त्यांचंच काम जाणार होतं. मेसच्या मावशी म्हणाल्या, “पोरींनो, तुम्ही रात्री येता. आम्ही पहाटे साडेपाचला त्याच अंधारातनं येतो. आम्हाला कुणी विचारलं नाही आजवर.” दिव्यांची मागणी त्या दिवसापासून फक्त मुलींची राहिली नाही.

याच काळात एकीनं मोबाइलवर एक पीडीएफ शोधून काढली : उच्च शिक्षण संस्थांमधल्या लैंगिक छळाला प्रतिबंध करण्यासाठी यूजीसीनं केलेले २०१५ चे नियम. भाषा रूक्ष आहे, पण ते वाचताना आम्ही एकमेकींना ओळी दाखवत होतो. मुलींच्या सुरक्षिततेचं कारण सांगून हॉस्टेलमध्ये मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत, हे त्यात आहे. पुरेसा उजेड, प्रशिक्षित सुरक्षारक्षक आणि त्यांत स्त्रियांचं योग्य प्रमाण, हेही आहे. अंतर्गत तक्रार समितीची अध्यक्ष स्त्री हवी, समितीवर बाहेरची एक सदस्य हवी, प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधी हवेत आणि चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. आमच्या कॉलेजात समितीचा फलक होता. त्यावरच्या एक मॅडम दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या.

त्या पीडीएफनं निवेदनाचा सूर बदलला. ‘कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ हे वाक्य गेलं. आम्ही मेहरबानी मागत नव्हतो. जे आधीच लिहिलेलं आहे ते अमलात आणा, एवढंच म्हणत होतो.

सर्वांत अवघड बोलणं तिच्याशी झालं, जिच्यामुळे हे सगळं सुरू झालं होतं. ग्रुपमधल्या काहींना पत्रकारांना बोलवायचं होतं. ती म्हणाली, “पेपरात आलं तर बाबा मला रविवारी घेऊन जातील. पुन्हा पाठवणार नाहीत.” तिच्या गावातून पदवीपर्यंत आलेली ती पहिलीच मुलगी होती. आमच्यातल्या निम्म्या जणींची गोष्ट थोड्याफार फरकानं तीच. त्या रात्री नियम ठरला : तिला विचारल्याशिवाय तिच्याबद्दल एक ओळ नाही. निवेदनाची सुरुवात तिच्या प्रसंगानं न होता खांबांच्या संख्येनं झाली. पोलिसांत जायचं की नाही हे तीच ठरवणार होती. ती गेली तर कॉलेजनं मदत करावी, एवढंच आम्ही लिहिलं. तेही त्याच नियमांत आहे.

शेवटी पानभर मजकूर उरला. एक, बंद असलेले नऊ दिवे पंधरा दिवसांत सुरू करावेत आणि कंपाउंडची भिंत महिन्यात बुजवावी. जबाबदार अधिकाऱ्याचं नाव लेखी कळवावं. दोन, साडेसातची नोटीस मागे घ्यावी. लायब्ररी उघडी आहे तोवर आणि वर अर्धा तास हॉस्टेलचं गेट उघडं असावं. तीन, तक्रार समिती नियमांप्रमाणे महिन्याभरात नव्यानं नेमावी आणि विद्यार्थी प्रतिनिधींची निवडणूक घ्यावी. चार, रात्रपाळीला प्रत्येक गेटवर एक रक्षक असावा, त्यांत एक महिला, आणि कुणाचीही पाळी आठ तासांहून जास्त नसावी. सीसीटीव्हीवर सर्वांत जास्त भांडण झालं. शेवटी लिहिलं : रस्त्यावर आणि कंपाउंडजवळ हवेत, हॉस्टेलच्या आत नकोत, आणि चित्रण कोण बघू शकतं हे लेखी द्यावं. राजीनाम्याची मागणी मतदानानं गळाली. रेक्टर बदलल्या तरी खांब तसेच राहिले असते.

निवेदन आवक-जावक खिडकीवर दिलं, शिक्का मारून पोच घेतली. सरांनी बोलावलं. “बाळांनो, मी तुमच्या वडिलांच्या जागी आहे,” त्यांनी सुरुवात केली. ताई म्हणाली, “हो सर. म्हणूनच विचारतोय, पहिल्या मुद्द्याला कोणती तारीख लिहू?” सर थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी बांधकाम विभागाला फोन लावला.

पुढे २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरवरच्या बलात्कार आणि खुनानंतर तेच चक्र मोठ्या पडद्यावर दिसलं. राज्य सरकारच्या उपायांत एक असा होता : महिला डॉक्टरांना शक्यतो रात्रपाळी देऊ नये. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबरमध्ये ते बदलायला सांगितलं. सुरक्षा पुरवणं हे सरकारचं काम आहे, बायकांना रात्री काम करू नका म्हणता येणार नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. ज्युनियर डॉक्टरांच्या दहा मागण्यांत मला एक गोष्ट फार पटली. सीसीटीव्ही, स्वच्छतागृहांसोबत त्यांनी रिकाम्या खाटांची डिजिटल नोंद आणि मध्यवर्ती रेफरल व्यवस्था मागितली होती. वरवर पाहता याचा सुरक्षिततेशी काय संबंध? पण खाट नाही म्हणून चार हॉस्पिटलं फिरून आलेल्या नातेवाइकांचा राग ड्युटीवरच्या डॉक्टरवरच निघतो. धोका तयार कुठे होतो, हे त्या कामात रोज उभं राहणाऱ्यालाच कळतं. आमच्या मावशींना पहाटेचा अंधार कळत होता, तसंच.

आमचे दिवे अकराव्या दिवशी लागले. भिंत दोन महिन्यांनी बुजली. हॉस्टेलची वेळ पुन्हा साडेनऊ झाली. साडेदहा मागितले होते, ते मिळाले नाहीत. समितीची निवडणूक पुढच्या सेमिस्टरला झाली आणि एक जागा आमच्या मैत्रिणीनं जिंकली. रक्षकांची मागणी ‘निधी उपलब्ध झाल्यावर’ या तीन शब्दांत अडकली. काकांची ड्युटी बारा तासांचीच राहिली. जिचा पाठलाग झाला होता तिनं पदवी पूर्ण केली. माझ्या हिशेबात सर्वांत मोठी मागणी हीच होती, आणि ती निवेदनात कुठेच लिहिलेली नव्हती.

कॉलेज सोडताना शिक्का असलेल्या पानाच्या झेरॉक्स पुढच्या बॅचला दिल्या. तिसऱ्या मुद्द्यापर्यंतच्या तारखांवर बरोबरची खूण होती. चौथ्यासमोरची जागा कोरी ठेवली. तिथली तारीख त्यांनी मागायची होती.