डोकेदुखी ते धम्मगिरी

मेडिटेशन म्हणजे डोक्यासाठी फुकटातली पेनकिलर, असं आपल्या डोंबिवली फास्टमधल्या अर्ध्या पब्लिकला वाटतं. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराचा फॉर्म मीही मायग्रेनपायीच भरायला घेतला. मग सत्यनारायण गोयंकांचा किस्सा कळला.

बर्मातले बडे उद्योजक. मायग्रेन इतका भयंकर, की मॉर्फिनपर्यंत मजल गेलेली. देशोदेशीचे डॉक्टर झाले. 1955मध्ये ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर गुरुजींनी चक्क नकार दिला! नुसत्या डोकेदुखीसाठी ही साधना नाही, मन स्वच्छ करायचं असेल तर या. गोयंका त्यासाठी गेले. डोकेदुखीही गेली, पण बायप्रॉडक्ट म्हणून! पुढे 1976पासून इगतपुरीच्या धम्मगिरीत त्यांची शिबिरं सुरू झाली. कल्याणहून निघून कसारा घाट चढला, की आलंच.

फॉर्ममध्ये आजार आणि औषधांबद्दल विचारतात. मी सगळं खरं लिहिलंय. ठाण्याच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याही चालूच राहतील. पण एडिटरचा रिप्लाय अर्धा तास आला नाही, की माझा जीव कासावीस होतो, त्याची गोळी कुठल्याच केमिस्टकडे मिळत नाही. दहा दिवस मौन, मोबाइल जमा, पहाटे चारला घंटा. फी नाही, पण फ्रीलान्सरची कमाईही नाही.

तरी मी चाललेय. डोक्यासाठी नाही, त्या अर्ध्या तासासाठी.