आजी, तुझ्या पत्राचं काय झालं?

मध्यंतरी एका कायद्याच्या मसुद्यावर सरकारने लोकांची मतं मागवली होती. नातवाच्या मदतीने मीही दोन पानं टाईप करून पाठवली. परवा त्याने सहज विचारलं, "आजी, तुझ्या पत्राचं काय झालं गं?" मला काही सांगता येईना. कुणी वाचलं का, बाकीच्यांनी काय लिहिलं, काहीच ठाऊक नाही!

तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय.

आपल्या राज्यघटनेचा मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये लोकांपुढे आला. तो आठ महिने लोकांसमोर होता, असं डॉ. आंबेडकरांनीच ४ नोव्हेंबरला घटना समितीत सांगितलं. त्यावर आलेल्या कितीतरी सूचना, आणि त्यांवरची टिपणंसुद्धा, बी. शिवा राव यांनी संपादित केलेल्या खंडांत आजही वाचता येतात. कोणती सूचना का घेतली नाही, तेही समजतं.

आता अलीकडचं बघा. एकत्र निवडणुकांविषयी रामनाथ कोविंद समितीने जानेवारी २०२४ मध्ये लोकांची मतं मागवली. २१,५५८ जणांनी कळवलं, त्यातले ८० टक्के अनुकूल, असं अहवालात आहे. पण आकडा फक्त 'किती' ते सांगतो, 'का' ते सांगत नाही. ते कळायला पत्रंच वाचायला हवीत.

केंद्राने २०१४ मध्ये धोरण ठरवलं, की मसुदा निदान ३० दिवस लोकांपुढे ठेवायचा आणि आलेल्या मतांचा सारांश संकेतस्थळावर द्यायचा. सारांश ठीक आहे, पण मूळ मतं? जानेवारी २०२५ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे नियम मसुद्यात आले, तेव्हा सांगितलं गेलं की आलेली मतं विश्वासाने जपून ठेवू, कधीच कुणाला दाखवणार नाही, नंतर नावं वगळून सारांश देऊ. लोकांनी मोकळेपणी लिहावं, हे त्यामागचं कारण. ते मला पटतंही. पण मग नावं झाका ना! मतं कशाला झाकायची?

हे 'विश्वासाने जपून ठेवणं' मी आधीही ऐकलंय. तपासलेल्या उत्तरपत्रिका विद्यार्थ्याला दाखवायच्या का, या खटल्यात परीक्षा मंडळाने असाच मुद्दा मांडला होता. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये तो फेटाळला. पेपर मुलांना बघता येऊ लागले.

खरं सांगते, तेव्हा मला ते आवडलं नव्हतं. आता जो तो चुका काढत बसणार, असं वाटलं. पण वर्गात चाचणीचे पेपर मी नेहमी परत देत असे. एकदा एक मुलगी हळूच टेबलाशी आली, "बाई, बेरीज चुकलीय." दहा मार्क कमी पडले होते तिला. पेपर हातात नसता तर तिला कळलं असतं का? आणि मला?

माहिती अधिकाराचा अर्ज लिहून ठेवलाय. दहा रुपये फी. किती मतं आली, आणि नावं झाकून त्यांच्या प्रती मिळतील का, एवढंच विचारलंय. उद्या नातू पोस्टात टाकेल.

उत्तर आलं की इथे लिहीनच.