बदलीचे पत्र

अकोल्यातील माझ्या धर्मग्रामाचा एक तरुण पुण्याला मोठ्या हुद्द्यावर आहे. सुटीत भेटायला आला तेव्हा म्हणाला, "फादर, पगार वाढला, पण रविवारची मिस्सा सुटते. आईशी बोलतानाही लक्ष कामातच असते. सोडून देऊ का नोकरी?" मी तत्परतेने उत्तर दिले, "नोकरी तुझी आहे, तू नोकरीचा नाहीस." वाक्य मला स्वतःलाच फार आवडले होते!

पंधरवड्याने महागुरूस्वामींचे पत्र आले. माझी बदली अमरावतीला झाली होती. सहा वर्षे पै पै जमवून उभारलेल्या सभागृहाला अजून रंगही लागला नव्हता. आज्ञापालनाचे वचन मी दीक्षेच्या दिवशी आनंदाने दिले होते; ते पाळताना मात्र मन बंड करून उठले. सभागृह झाडणारी आमची वृद्ध भगिनी म्हणाली, "हॉल त झाला, फादर. आता कायले जीव लावता त्याले?"

अमरावतीला जाताना मूर्तिजापूर लागले. याच तालुक्यातील दापुरे या मामांच्या गावी डेबूजी जानोरकर लहानाचे मोठे झाले, शेतीत राबले. 1905 साली त्यांनी घरदार सोडले आणि ते गाडगेबाबा झाले. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा बांधल्या. स्वतःजवळ मात्र खराटा आणि फुटके गाडगे एवढेच ठेवले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी 1949 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीजवळ, वलगावनजीक, वाटेतच त्यांनी देह ठेवला.

अमरावतीत त्यांच्या समाधीपुढे उभा असताना मला माझीच लाज वाटली. बाबांनी काम टाकले नव्हते, कामावरची मालकी टाकली होती. संत पौलानेही तंबू शिवण्याचा धंदा केला. पण जिथे मंडळी उभी राहिली, तिथे तो मालक होऊन बसला नाही. मी मात्र सभागृहाच्या कोनशिलेवर आपले नाव कुठल्या ओळीत येईल, याचा विचार करीत होतो. त्या तरुणाला बांधणारी साखळी पगाराची होती, माझी सेवेची. सेवेची साखळी लवकर दिसत नाही, एवढाच फरक.

त्या रात्री मी त्याला पत्र लिहिले: "मी तुला उपदेश केला, तो मलाच पाळता आला नाही. नोकरी सोडण्याची घाई करू नकोस. आधी रविवार मोकळा करून बघ. त्याने बढती अडली, तर तुला तिची किंमत कळेल. मग निर्णय घे."

कोनशिलेवर कोणाचेच नाव नको, असे मी अकोल्याला कळवले. नव्या फादरांच्या हाती किल्ल्या देताना माझी बोटे क्षणभर आवळली गेली, हे मात्र वाचकांपासून लपवीत नाही. प्रभूने ती सोडवली.